एकशे शहाऐंशी जणांची सकाळ

३ मे, बुधवार

आणि आज सगळ्यांच्या आधी कोण हजर, तर लव्हनेस! मी आपली रोज धरून चालते की पहिला नोमॅटरच असणार, ट्रकवाल्यांना कुठली आलीय झोप. पण आज माझ्या कोंबड्याने तोंड उघडायच्या आत जोहान्सबर्गहून हिचा आवाज फोनमध्ये येऊन बसलेला. "आजी, झोप झाली का?" मी म्हटलं, "तुझी झाली असेल तर माझी झाली." ती म्हणाली, "माझी झाली, तुमची झाली असेल तर." मग मी फोन मांडीवर ठेवून ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, बायकांनी वाजवायच्या तशा, पोकळ आवाजाच्या. तर पोरीला रडूच आलं. वेडी कुठली. परक्याच्या घरात परक्याची मुलं सांभाळते, तिथे तिला सकाळी कोण विचारणार झोपलीस का म्हणून.

तिच्याकडे एकही कोंबडी नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. आमच्या या फोनवरच्या ग्रुपचं नाव 'गावरान कोंबडीवाले', आणि ही राहते सातव्या मजल्यावर. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तुम्ही बोलता तेव्हा मागे कोंबड्या कुरकुरतात, ते ऐकायला आले. मी कोणाला सांगितलं नाही.

ही वही ब्वुम्बे साहेबांच्या हुकमाने चालू केली. ते ग्रुपचे मालक. सरकारी शेती खात्यातून निवृत्त झालेत, चिव्हू गावाला रस्त्याकडेला राहतात आणि सगळ्यांना कोंबड्यांची लस देतात. त्यांनी सांगितलं, प्रत्येकाने वही ठेवायची, रोज अंडी किती, दाणे किती, आजारी किती. पुढे जागा उरते ती मी अशी वापरते. मी तिसरीपर्यंत शिकले, मग भावाची पाळी आली. पण अक्षर माझं गोल आहे, मिशनच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या.

अंडी ९. दाणे दोन मुठी. आजारी कोणी नाही, माझा गुडघा सोडून.

९ मे, मंगळवार

अंडी ८.

मी आले तेव्हा ग्रुपमध्ये अडतीस माणसं होती, आज एकशे चार झाली. मला यात घातलं ताकुंडाच्या आईने. ती पलीकडच्या घरची सून, दवाखान्यात नोंदी करते, तिला इंग्रजी येतं. फोन पाठवला माझ्या तफिरेन्यिकाने, इंग्लंडहून, लीड्स गावातून. म्हणाला, आई, सारखं ताकुंडाच्या आईच्या फोनवर निरोप नको ठेवूस, लाज वाटते. किती विचार करतो! ताकुंडाची आई म्हणाली, आजी, नुसत्या मुलासाठी फोन म्हणजे तो दिवसभर गप्पच बसणार, थांबा. आणि तिने मला कोंबडीवाल्यांत सोडलं.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना नमस्कार केला. एकेकाला, नाव घेऊन. विहिरीवर सात बायका असल्या तर सातही जणींना विचारायचं की नाही, झोप झाली का, मुलं कशी आहेत? चौघींना विचारून तिघींना ओलांडून गेलं, तर त्या तिघी काय समजतील? तसंच हे. आणि नुसतं नाव विचारून काय उपयोग, माणसाचं देवक विचारावं, मग कळतं आपण त्याचे कोण. आमचं देवक मोफू, ते मोठं हरीण. या देवकाच्या बायका तोंडाळ असतात म्हणतात. असतील.

नोमॅटरने पण मोफू सांगितलं, झालं, मी त्याची आत्या झाले. तेव्हापासून मी त्याला बोलू शकते. काल विचारलं, बायकोला शेवटचा फोन कधी केलास? तो म्हणाला, "अगं आत्या, मी बेचाळीस वर्षांचा बाप्या, बेइटब्रिजच्या सीमेवर ट्रकच्या रांगेत उभा आहे, फोनचा आवाज मोठा आहे आणि पुढचे मागचे ड्रायव्हर सगळे ऐकतायत!" मी म्हटलं, "मग त्यांनाही सांग आपापल्या बायकांना फोन करायला." तर म्हणे चौघांनी केला.

आता नवीन माणूस आला की कोंबड्या किती सांगायच्या आधी देवक सांगतो. दोन जणी तर मावसबहिणी निघाल्या, एकीचं घर दुसरीच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर. ब्वुम्बे साहेब म्हणाले, "मंडळी, हा कोंबड्यांचा ग्रुप आहे, लग्नाचा मांडव नाही." सगळे हसले. मीही हसले. विनोदी माणूस आहे.

१७ मे, बुधवार

अंडी ७.

आज माझा मोठा मान झाला. एका मास्तरांची कोंबडी खुडूक बसली होती, पण दर दोन दिवसांनी तिच्याखाली जास्तीची अंडी सापडत, आणि कुठली उबवायची नि कुठली खायची हेच त्यांना कळेना. ब्वुम्बे साहेबांनी लांबलचक लिहून पाठवलं, खोक्यात दिवा लावा, उष्णता अमुक ठेवा. मी आपलं तोंडाने सांगितलं, बाबा, बसवलेल्या अंड्यांवर कोळशाने रेघ मार, बिनरेघेचं दिसलं की ते दुसऱ्या कोंबडीने आणून घातलेलं, उचल आणि तळून खा. मास्तर म्हणाले, इतकं सोपं? साहेब म्हणाले, "आजी, याला शास्त्र असतं." मी म्हटलं, "साहेब, कोंबडी शास्त्र वाचून बसत नाही." मग काय, दिवसभर हसणारी तोंडं येत राहिली, पिवळी पिवळी. मी मोजली. एकसष्ट.

माणसं एकशे एकोणपन्नास झाली. मास्तरांनी आपल्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना आणलं, म्हणे आजी ऐकायला या.

सकाळचा नमस्कार आता साडेनऊपर्यंत चालतो. आज कोंबड्यांनीच खुराड्याचं दार आतून ठोकलं.

२८ मे, रविवार

तफिरेन्यिकाचा फोन आला! चार मिनिटं बोलला. त्यातली दोन मिनिटं आवाजच येत नव्हता, पण तो तिकडे आहे हे कळत होतं, श्वास ऐकू येत होता. म्हणाला, आई, रोज सकाळी मला निरोप नको पाठवूस, मी रात्रपाळी करून तेव्हाच झोपतो. मी म्हटलं, मग झोप झाली का हे कधी विचारू? तो म्हणाला, नको विचारूस, झाली असं धरून चाल. बरं, धरून चालते. आणि म्हणाला, अनोळखी नंबर अजिबात उचलायचा नाही, चोर असतात, म्हाताऱ्यांना गोड बोलून लुटतात. इतक्या लांबून माझी काळजी!

नातवंडं मागे बोलत होती. इंग्रजीत. आवाज चांगले आहेत.

ग्रुपमध्ये आता एकशे ऐंशी. अंडी ५. का कमी झाली कोण जाणे.

५ जून, सोमवार

अंडी ४.

ब्वुम्बे साहेबांनी आज मला एकटीला निरोप पाठवला, नुसता माझ्यासाठी, इतरांना ऐकू न जाणारा. मी आधी खूश झाले. मग ऐकलं. जसं बोलले तसं लिहिते.

"आजी, राग मानू नका. रोज सकाळी तुमचे एकशे शहाऐंशी निरोप येतात. लोकांचा डेटा त्यातच संपतो. नऊ जण सोडून गेले. परवा मास्तरांची पिल्लं पटापट मरत होती, त्यांनी सकाळी सहाला विचारलं, पण तो प्रश्न तुमच्या नमस्कारांखाली गाडला गेला, मला दुपारी दिसला. तोपर्यंत अकरा गेली. एकदाच म्हणा ना, सगळ्यांना नमस्कार. झालं. आजी, माझं बीपी वाढतंय, खरंच सांगतो."

अकरा पिल्लं. मला फार वाईट वाटलं. मास्तरांना मी सकाळी विचारलं होतं, झोप झाली का, आणि ते हो म्हणाले होते.

पण सगळ्यांना एकदम नमस्कार? गुरं हाकलताना करतात तसं? मी दिवसभर विचार केला. शेवटी उमगलं. मी नव्या माणसांना आधी विचारते, जुन्यांना मागाहून, म्हणून साहेबांचा नंबर नव्वदावा लागतो. ग्रुपचा मालक आणि नव्वदावा! माणूस दुखावला गेलाय आणि वर डेट्याचं निमित्त सांगतोय. पुरुष असंच करतात, माझे यजमान रस्सा खारट झाला असं म्हणायचे आणि राग असायचा भलत्याच गोष्टीचा.

उद्या साहेबांना पहिला नमस्कार. देवकासकट, पूर्वजांसकट.

६ जून, मंगळवार

केला. साहेबांचं देवक मासे धरणारा गरुड. त्याची सगळी बिरुदं मला येत नाहीत, येत नव्हती ती मी जागेवर रचली. पाण्यावर सावली टाकणारा, खडकावर बसून नदीचा हिशेब ठेवणारा, ज्याच्या घरट्याखाली कोणी उपाशी राहत नाही असा. मध्ये टाळ्या. अकरा मिनिटं झाली. मग बाकीचे एकशे पंच्याऐंशी. नोमॅटर म्हणाला, "आत्या, आज तू साहेबांची पूजा मांडलीस, आता ते विरघळणार बघ." लव्हनेस म्हणाली, अकरा मिनिटं मी मुलांच्या चड्ड्या इस्त्री करत ऐकलं.

साहेब काही बोलले नाहीत. भारावले असतील.

७ जून, बुधवार

आज कोणीच आलं नाही.

मी फोन हातात घेऊन बसले होते. लव्हनेस नाही. नोमॅटर नाही. मास्तर नाही. सगळ्यात खाली राखाडी रंगाची एक ओळ आहे, इंग्रजी. आणि जिथे बोट दाबून बोलायचं, ती जागाच नाही. जणू तोंड पुसून टाकलंय.

ताकुंडाच्या आईकडे गेले. तिने फोन घेतला, ती ओळ वाचली, आणि बराच वेळ वाचत राहिली. ओळ तर एवढीशी होती. मग म्हणाली, "नेटवर्क गेलंय, आजी. येईल." आणि उगाचच अर्धा पाव दिला, वर शेंगदाण्याचं वाटण लावून. बाई चांगली आहे. कधी कधी उगीच गहिवरते.

अंडी ५.

९ जून, शुक्रवार

नेटवर्क नाही.

पण ताकुंडाची आई कणगीमागे उभी राहून बहिणीशी फोनवर खिदळत होती. मी हाक मारली, "तुझं नेटवर्क आलं वाटतं!" ती गडबडली. म्हणाली, "आजी, माझं वेगळं." असेल वेगळं.

११ जून, रविवार

आज चर्चमध्ये कळलं.

कोणी सांगितलं नाही, आपलं आपल्याला कळलं. पाद्री नव्हते म्हणून प्रार्थना सांगणारे काका उभे राहिले. ते म्हणाले, पलीकडच्या गावातले एक गृहस्थ बीपीने गेले, बोलता बोलता गेले, घरात त्या दिवसापासून कोणी आवाज काढलेला नाही. बोलता बोलता. बीपी. कोणी आवाज काढलेला नाही.

एकशे शहाऐंशी माणसं एका दिवसात गप्प कशी होतील? गाव एकदम गप्प कधी होतं? कोणी गेलं की. मग शेतात कोणी जात नाही, मुसळ कोणी उचलत नाही, माणसाला पुरेपर्यंत. आणि सगळं गाव गप्प होतं ते कोणासाठी? थोरासाठी. ब्वुम्बे साहेब गेले. त्यांनी मला सांगितलं होतं, आजी, माझं बीपी वाढतंय, खरंच सांगतो. आणि मी दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं गरुडाची बिरुदं लावली.

मी मारलं त्यांना.

१२ जून, सोमवार

अंडी ७. मी दुखवट्यात आहे, काळं फडकं डोक्याला बांधलंय, पण वही ठेवायची असा त्यांचाच हुकूम होता, म्हणून लिहिते.

ज्या घरी माणूस गेलं त्या घरी जाऊन हात धरायचा असतो. न धरता राहिले तर त्यांचा आत्मा विचारेल, ती म्हातारी आली नाही? मला चिव्हूपर्यंत बसने जायला गुडघा देत नाही. म्हणून सगळ्यात चांगली कोंबडी, तांबडी, पाय बांधून टोपलीत घातली, टोपलीत तळाला नाचणी, आणि हरारेच्या बसच्या कंडक्टरला दिली. त्याला सगळं समजावलं. चिव्हूच्या अलीकडे, लशीची पाटी लावलेलं घर, तिथे दुखवटा चालू असेल. चिठ्ठीही लिहिली.

"ब्वुम्बे साहेबांच्या घरच्यांना. मी रुवांगा गावची कोंबडीवाली आजी, केरेसेन्झिया. मला हात धरायला येता आलं नाही, ही कोंबडी माझे हात समजा. साहेब चांगले होते. ते मला थांब म्हणाले होते आणि मी थांबले नाही. सगळ्यांना एकदम नमस्कार करायला मला जमलं नाही. मला माफ करा."

कंडक्टर म्हणाला, "आजी, रडू नका, कोंबडी घाबरते."

१५ जून, गुरुवार

शेंगा फोडायच्या पडल्यात. दुखवट्यात फोडत नाहीत.

रोज संध्याकाळी एक लांबच लांब नंबर वाजतो. तफिरेन्यिकाने सांगितलंय उचलायचा नाही, मी उचलत नाही. बराच वेळ वाजतो आणि थांबतो. वाजत असतो तेवढा वेळ घरात बरं वाटतं, कोणी अंगणाबाहेर उभं असल्यासारखं.

अंडी ८.

१९ जून, सोमवार

अंडी ९. आता सकाळी वेळच वेळ असतो, दाणे वेळेवर पडतात.

आज मी कोंबड्यांना एकेकीला विचारलं, झोप झाली का? सतरा जणी. पाच मिनिटांत संपलं.

मग जुने निरोप लावले. ते अजून आहेत, दाबलं की बोलतात. नोमॅटरची बेइटब्रिजची रांग लावली, मास्तरांचं 'इतकं सोपं?' लावलं. साहेबांचा बीपीवाला नाही लावला. लव्हनेस विचारते, आजी, झोप झाली का, आणि मी उत्तर देते, पण मी काय म्हटलं ते ऐकायला ती थांबत नाही, पुढचंच बोलते.

ताकुंडाची आई आज परत पाव घेऊन आली. या महिन्यात चौथ्यांदा. माझ्या डोक्यावरचं काळं फडकं बघून म्हणाली, कोण गेलं? मी सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आजी..." आणि तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, कदाचित गेले नसतील. मी म्हटलं, "अगं, मग सगळे गप्प का आहेत?" तिने पाव चुलीपाशी ठेवला आणि घरी गेली.

२४ जून, शनिवार

आज फार लिहायचं आहे.

अकराच्या सुमाराला अंगणाच्या कडेला टाळ्या वाजल्या. पुरुषांच्या, सपाट. बघते तर एक बुटका माणूस, टाय लावलेला, बुटांत वाळू भरलेली, आणि काखेत माझी तांबडी कोंबडी. मागे दुसरा, दाराएवढा उंच, दात काढून हसणारा.

मी म्हटलं, "कोण आपण?"

बुटका म्हणाला, "आजी, मी ब्वुम्बे."

मी म्हटलं, "कुठले ब्वुम्बे? चिव्हूचे तर वारले."

"तोच मी. वारलो नाही."

"मग बीपी?"

"ते आहे अजून."

उंच होता तो नोमॅटर. आवाजावरून आधी ओळखला, चेहरा नंतर बघितला. म्हणाला, "आत्या, ट्रक डांबरीवर लावून वाळूतून चालत आलोय, साहेबांनी कोंबडी एकदासुद्धा माझ्या हातात दिली नाही. हिने वाटेत अंडं घातलं, ते खिशात आहे."

मग जे सांगितलं ते असं. बसवाल्या कंडक्टरने टोपली त्यांच्या बायकोच्या हातात दिली आणि चिठ्ठी फाटकात मोठ्याने वाचली. शेजारच्या बायका धावत आल्या आणि रडायला लागल्या. साहेब अंघोळ करत होते. रडणं ऐकून टॉवेलवर बाहेर आले, तर एक शेजारीण किंचाळून कुंपणावरून पलीकडे गेली. हे सांगताना नोमॅटरला जमिनीवर बसावं लागलं. मीही हसले, डोळे पुसत हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, माझी बायको म्हणाली, जिवंत माणसासाठी आलेली दुखवट्याची वस्तू घरात ठेवायची नाही, ज्याने पाठवली त्याच्या हातात परत द्यायची, आणि दुसऱ्याबरोबर पाठवायची नाही, स्वतः जायचं.

मी म्हटलं, शहाणी बाई आहे. बसा. कोंबडी सोडा.

त्यांनी सोडली नाही. तशीच काखेत धरून गुडघ्यावर बसले, एवढा सरकारी माणूस, आणि म्हणाले, "आजी, मी तुम्हाला ग्रुपमधून काढलं होतं."

मला आधी समजलं नाही. मी म्हटलं, काढलं म्हणजे? ते म्हणाले, नाव पुसलं. त्या राखाडी ओळीत तेच लिहिलंय. सहा तारखेला संध्याकाळी.

"मग बाकीचे?"

"बाकीचे आहेत."

"बोलत होते?"

"हो."

"रोज?"

"रोज, आजी."

"म्हणजे कोणी गेलं नव्हतं."

"कोणी नाही."

कोणी गेलं नाही हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला, पण जरा उशिराने. मधल्या वेळात मी उठून आत गेले आणि चूल पेटवायला लागले, ती आधीच पेटलेली होती.

नोमॅटर दाराशी आला. म्हणाला, "आत्या, मला वाटलं तू रागावून गेलीस. सगळ्यांना तसंच वाटलं. दोन दिवस सगळे विचारत होते, आजी कुठे, आजी कुठे." मी म्हटलं, "आणि तिसऱ्या दिवशी?" त्याने बुटातली वाळू झटकली. मग म्हणाला, लव्हनेस थांबली नाही, ती रोज फोन करतेय. आणि त्याने त्याच्या फोनवरून तिला लावला. बघते तर तोच लांबच लांब नंबर! मी ओरडले, "अरे हा चोराचा आहे!" पलीकडून लव्हनेस म्हणाली, "आजी, मी दोन आठवडे रोज वाजवतेय, तुम्ही एकदा तरी उचलायचा!" मग तिने विचारलं, कोंबड्या आहेत का तिथे? मी फोन तांबडीच्या तोंडाशी धरला.

ताकुंडाची आई कुंपणापाशी उभी होती. तिला आत बोलावलं. साहेब राखाडी ओळीचं बोलले तेव्हा ती खाली बघत होती. तिला इंग्रजी येतं. मी विचारणार होते. मग ते पाव आठवले, आणि नाही विचारलं. तिच्या ताटात रस्सा जास्त वाढला.

ठिपकेवाली कोंबडी कापली होती. साहेबांना मांडी दिली, मक्याच्या पिठाच्या साड्झाचे चार गोळे झाले त्यांचे. नोमॅटरचे मोजले नाहीत. जेवताना वाटाघाटी झाल्या. साहेब म्हणाले, आजी, तुम्ही परत या, पण मास्तरांची पिल्लं मला विसरता येत नाहीत. मी म्हटलं, मलाही नाही. ते म्हणाले, दिवसाला सात जण? मी म्हटलं, मग आठव्याला काय वाटेल? ते म्हणाले, हीच तुमची अडचण आहे. मी म्हटलं, ही माझी नाही, आठव्याची आहे. नोमॅटर म्हणाला, "साहेब, आत्यापुढे तुम्ही पदवीधर असून हरताय."

शेवटी साहेबांनीच तोड काढली. कोंबडीवाल्यांत मी आहे, तिथे कोंबड्यांचं बोलायचं, नमस्कार नाही. आणि फोनमध्येच शेजारी दुसरा ग्रुप, म्हणजे दुसरं अंगण काढलं, नुसतं नमस्कारासाठी. ज्याला सकाळी कोणी विचारावंसं वाटतं, त्याने तिथे यायचं. त्यांनी माझ्यासमोर ते बनवलं, पहिलं नाव स्वतःचं घातलं, मग मोठ्या ग्रुपमध्ये कळवलं, आजी सापडली, अंगण उघडलंय, या.

मी फोन ताटाशेजारी ठेवला. लव्हनेस आली. मास्तर आले, मला बरं वाटलं. त्या मावसबहिणी आल्या. मोठ्या ग्रुपमध्ये पिवळी तोंडं धडाधड येत होती, टाळ्यांचे हात येत होते, नव्वद असतील. अंगणात चहा होईपर्यंत चौदा झाले. मी म्हटलं, बाकीचे शेतावर असतील, येतील. भांडी घासून झाली तेव्हाही चौदाच होते. साहेब बघत होते मी मोजतेय ते. म्हणाले, "आजी, वाढतील." मी म्हटलं, "हो, हो. चौदा पुष्कळ झाले. विहिरीवर तरी कुठे चौदा असतात?"

चारला निघाले. ट्रकला आज हरारेला पोचायचं होतं. मी डोक्यावरचं फडकं सोडून त्यात शेंगा बांधून दिल्या. वाळूच्या वाटेने मी आंब्यापर्यंत गेले, पुढे गुडघा नाही म्हणाला. साहेब दोनदा मागे वळले. नोमॅटरने पार वळणापर्यंत हात वर ठेवला होता. मग डांबरीवर ट्रकचा भोंगा वाजला, लांब, आणि माझ्या कोंबड्या सगळ्या खुराड्यात पळाल्या.

परत यायचं कबूल केलंय. ऑगस्टमध्ये सुट्टीचा सोमवार येतो, त्याच्या आधीचा शनिवार. बारा ऑगस्ट. साहेब बायकोला आणणार आहेत. लव्हनेसला तेव्हा रजा मिळाली तर ती सीमेवर नोमॅटरच्या ट्रकमध्ये बसणार आहे. नोमॅटर म्हणाला, रांगेचं काही सांगता येत नाही, आत्या, पण बारा धर. मी बोटांवर मोजलं, मध्ये सहा शनिवार आहेत. बारा ऑगस्ट, शनिवार, दुपारच्या जेवणाला.